फेब्रुवारीचं पान

यंदा थंडी जरा बरी पडली. आता कोल्हापूरची थंडी ती काय, हिमालयातल्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. पण पहाटे पंचगंगेवर धुकं बसलेलं असतं, घाटावर आंघोळीला येणारी म्हातारी माणसं दात वाजवत का होईना येतातच, आणि आमच्या आईची वाकळ पेटीतून बाहेर निघते. म्हणजे थंडी पडली.

अशाच एका सकाळी रद्दीवाल्याकडे एक जुनं परदेशी कॅलेंडर हाताला लागलं. साल कधीचंच उलटून गेलेलं, पण वर बारा महिन्यांची बारा चित्रं. वीस रुपयांना घेतलं. घरी येऊन शोधल्यावर कळलं की ही चित्रं चांगलीच नामांकित आहेत. फ्रान्समध्ये जाँ नावाचा एक ड्यूक होता, बेरी प्रांताचा. राजघराण्यातला, पुस्तकांचा आणि दागदागिन्यांचा भयंकर शौकीन. त्याच्यासाठी पॉल, हर्मन आणि योहान या लिंबर्ग बंधूंनी १४११-१२ च्या सुमारास एक प्रार्थनेची पोथी चितारायला घेतली. 'त्रे रिश ऊर' हे तिचं आजचं नाव. चामड्याची २०६ पानं, सोनं, आणि लांबच्या देशातल्या खड्यांपासून केलेला निळा रंग. १४१६ साली ड्यूकही गेला आणि तिघे भाऊही गेले, सगळे एकाच वर्षात. पोथी अर्धीच राहिली. ती पुढे दुसऱ्यांनी पुरी केली. आज ती पॅरिसजवळच्या शांतिई गावातल्या संग्रहालयात आहे.

पोथीच्या सुरुवातीला पंचांगासारखी बारा पानं आहेत. जानेवारीच्या पानावर खुद्द ड्यूक जेवायला बसलाय. पाठीमागे भली मोठी शेकोटी, आणि तिची धग लागू नये म्हणून ड्यूकच्या पाठीशी वेताचा एक गोल पडदा. पान उलटलं की फेब्रुवारी. सगळीकडे बर्फ. कुडाचं कुंपण, मेंढ्यांचा गोठा, ओळीत मांडलेली मधमाश्यांची पोळी, दाणे टिपणारे पक्षी. दूर एक जण झाड तोडतोय, दुसरा गाढवावर लाकडं लादून गावाकडे निघालाय. अंगणातून एक जण अंगावरचं पांघरूण घट्ट धरून लगबगीने घराकडे येतोय. आणि डाव्या बाजूला शेतकऱ्याचं घर, पुढची भिंत जणू काढून टाकलेली, म्हणजे आतलं सगळं दिसावं. आत तिघं शेकत बसलीत. पुढची बाई जरा बेतानं घागरा वर घेऊन बसली आहे. मागच्या दोघांनी मात्र कपडे असे वर केलेत की जे झाकायचं तेच उघडं पडलंय!

मी ते चित्र आईला दाखवलं. म्हटलं बघू काय म्हणते. आईनं चष्मा लावला, आधी मेंढ्या बघितल्या, मग लाकडं.

"मेंढरं आत हायती, सरपण भरलंय. बरं घर हाय की."

मग तिचं लक्ष त्या दोघांकडे गेलं. मी जरा अवघडलो. आई शांतपणे म्हणाली, "थंडीत शेकताना मानसाला भान ऱ्हात न्हाई. पर असलं चित्र काढणाऱ्यानं तरी भान ठेवायचं."

विद्वान लोक या पानावर लिहीत आलेत. बर्फाचं इतकं सविस्तर चित्र युरोपात याआधी क्वचितच कुणी काढलं होतं, वगैरे. आईचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटला. ही माणसं उघडी बसली होती की त्यांना उघडं बसवलं होतं? पोथी ड्यूकची, जमीन ड्यूकची, पाहणारे डोळे ड्यूकचे. हाच ड्यूक दक्षिणेत लांगदॉकचा कारभारी होता तेव्हा करांच्या ओझ्यानं लोक उठले होते, आणि पुढे १३८९ साली राजानं त्याच्याकडून तो कारभार काढून घेतला. त्याच्या ताटासमोर शेतकऱ्याची गंमत मांडली तर तो हसणारच. जानेवारीत आग जास्त होते म्हणून आडवा पडदा, आणि फेब्रुवारीत आग पुरत नाही म्हणून वर केलेले कपडे. चित्रकाराला हे कळत होतं की नव्हतं, कोण जाणे.

मग साहजिकच मनात आलं, की आपल्याकडे काय? आपला शेतकरी हिवाळ्यात कुणी काढून ठेवलाय का?

आपल्या मुलखातली जुनी चितारलेली पोथी म्हटली की पहिलं नाव 'तारीफ-इ-हुसेनशाही'. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची स्तुती करणारं आफताबी नावाच्या कवीचं हे फारसी काव्य. पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात काय आहे? राजा आहे, सिंहासन आहे. राणी खुंजा हुमायून आहे, म्हणजे होती. पुढे ती मुलाच्या कैदेत पडली आणि चित्रांमधून तिला रंग फासून पुसून टाकलं. तिच्या स्पर्शानं झाड फुलतं असं एक सुंदर चित्र आहे. आणि राक्षसतागडीची लढाई आहे.

ही लढाई झाली २३ जानेवारी १५६५ ला. ऐन हिवाळ्यात! कृष्णाकाठच्या काळ्या रानात त्या दिवसांत शाळू उभा असतो. हत्ती, घोडे, तोफा कुणाच्या तरी रानातूनच गेल्या असणार. पोथीत हत्ती आहेत, घोडे आहेत, मुंडकी आहेत. रान कुणाचं होतं ते नाही. गंमत म्हणजे त्याच १५६५ साली तिकडे ब्रॉयगेल नावाच्या चित्रकारानं बर्फातून गावाकडे परतणाऱ्या शिकाऱ्यांचं त्याचं जगप्रसिद्ध चित्र काढलं. त्यात एका बाजूला, घराबाहेर, चार माणसं जाळ करताना दिसतात. ते चित्रही एका बड्या व्यापाऱ्यासाठीच होतं, पण निदान जाळ तरी आहे.

आपल्याकडे सामान्य माणूस दिसतो तो दगडात. वीरगळ तुम्ही पाहिले असतीलच. आपल्या करवीर तालुक्यातल्या बीड गावात (मराठवाड्यातलं बीड नव्हे) खूप आहेत, आणि बहुतेक गावांत देवळाशेजारी एखाददुसरा शेंदूर लावून उभा असतो. खालच्या चौकटीत माणूस मरून पडलेला, कधी शेजारी गायींची रांग. म्हणजे गुरं राखताना, गुरं सोडवताना गेलेला. मधल्या चौकटीत लढाई, मग अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात, सगळ्यात वर तो शंकराच्या पिंडीसमोर हात जोडून बसलाय. कडेला चंद्र-सूर्य. हा आपला गडी. पण चित्र मिळायला त्याला आधी मरावं लागलं. तो जिवंत असताना माघाच्या पहाटे कसा बसत होता, काय पांघरत होता, ते त्या दगडावर नाही.

तो जिवंत सापडतो तो शब्दांत, आणि तेही फार मागे. हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती' आपल्याच माहाराष्ट्री प्राकृतातली, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तिची मोठी मराठी आवृत्ती काढली. त्या सातशे गाथांमध्ये एक माघातला शेतकरी आहे. त्यानं आपलं पांघरूण विकून बैल घेतलाय. का, तर घरात बायकोची ऊब आहे, पांघरुणाची गरज काय! कवीनं ते चावटपणे सांगितलंय, आणि नागर मंडळी ते वाचून गालात हसली असणार. ड्यूक हसला तसंच. पण गंमत बाजूला ठेवून बघा. भर थंडीत पांघरूण देऊन बैल घेणारा माणूस कुठल्या हिशेबात असेल? त्याला पुढची नांगरट दिसतेय. ज्यानं घोंगडं गहाण टाकून बी-बियाणं आणलंय त्यालाच हा विनोद नीट कळेल.

आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं तेव्हा सातवाहनांच्या काळातलं गाव निघालं. तिथं सापडलेला समुद्रदेव पोसायडनचा ब्राँझचा पुतळा टाऊन हॉलच्या संग्रहालयात बघायला मिळतो. दर वेळी पाहुण्यांना आपण तो कौतुकानं दाखवतो. आता तिथं गेलो की मला तो बैल घेणारा आठवेल. तोही इथलाच कुणी असायला हरकत नाही.

इथपर्यंत लिहून मी थांबणार होतो. पण ड्यूकला नावं ठेवताना एक गोष्ट मनात सारखी टोचत होती. ती सांगूनच टाकतो. घरची मंडळीही हे वाचतील, त्यांना तो फोटो माहीत आहे.

आजा आमच्या गुऱ्हाळावर चुलवाण सांभाळायचा. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : वर काईल, तिच्यात उसाचा रस उकळतोय, गुळव्या मळी काढतोय, आणि खाली, मागच्या बाजूला खड्ड्यात बसून एक माणूस सतत वाळकं चिपाड आत सारतोय. जाळ कमी झाला तर गूळ बिघडतो, जास्त झाला तर करपतो. गुळव्याला मान असतो, पण जाळ सांभाळणाऱ्याच्या हातात निम्मा गूळ असतो. थंडीच्या दिवसांत रात्र रात्र आदणं चालायची. आजा उघड्या अंगानं, कमरेला धोतराचा तुकडा गुंडाळून बसायचा. पुढनं होळी आणि मागनं माघ, असं तो म्हणायचा. आम्ही पोरं चिपाडाच्या ढिगावर वाकळ घेऊन पडायचो. काईलीत सोडलेली रताळी कधी मिळतील याची वाट बघत झोप लागून जायची. मधेच जाग आली की जाळानं तांबडं झालेलं त्याचं तोंड दिसायचं.

बारावीला असताना मी एका मित्राचा कॅमेरा आणला. रोलमध्ये तीन फोटो शिल्लक होते. आजा म्हणाला, "हितंच काढ की. चुलवाणापाशी."

मी म्हटलं, "तिथं अंधार आहे, येणार नाही." ते खरंही होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. मला लाज वाटली होती. फोटो कॉलेजच्या पोरांना दाखवायचा होता. मी आज्याला हातपाय धुवायला लावले, पांढरा सदरा घालायला लावला, फेटा बांधायला लावला आणि चुलत्यांच्या नव्या ट्रॅक्टरजवळ उभं केलं. तिन्ही फोटो तसेच. दोन वर्षांनी आजा गेला. त्यातला एक मोठा करून भिंतीवर लावलाय. पाहुणे म्हणतात काय रुबाब आहे. मला तो माणूस ओळखीचा वाटत नाही. पुढे ऊस कारखान्याला जाऊ लागला, गुऱ्हाळ मोडलं, काईल भंगारात गेली. चुलवाणाच्या जागी आता गवत आहे.

ड्यूकच्या चित्रकारानं शेतकऱ्याला न विचारता उघडं केलं. मी आज्याला, त्यानं सांगूनसुद्धा, झाकून टाकलं. हिशेब एकच.

गेल्या आठवड्यात गावी गेलो होतो. बीडकडची ऊसतोड टोळी रानात उतरली आहे. दसरा-दिवाळीला घर सोडून आलेली माणसं, पाडव्याच्या आसपास परत जातील. पहाटे पाचला फिरायला निघालो तर कोप्यांच्या पुढे जाळ पेटलेले. पाचटाची कोपी, दाराला कवाड नाही, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं : पातेली, गाठोडं, झोपलेलं पोर. बाहेर एक बाई भाकरी थापत होती, अंगावर नवऱ्याचा सदरा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. फेब्रुवारीचं पान अगदी जसंच्या तसं. हात आपोआप खिशातल्या मोबाईलकडे गेला.

या वेळी मात्र विचारलं. "ताई, एक फोटो काढू का? असंच, भाकरी करताना."

"असं नगं दादा," ती म्हणाली. "थांबा."

तिनं हात धुतले. टॉवेल काढला, सदरा काढून आत टाकला, पदर नीट घेतला. पोराला उठवून त्याचं तोंड पुसलं. मग जाळापासून चार पावलं लांब, ट्रॉलीजवळ जाऊन ताठ उभी राहिली. पोर कडेवर. थंडीनं दोघंही कुडकुडत होती, पण हललं कुणी नाही.

मला हवं होतं ते चित्र मागे होतं, जाळापाशी. मी तिला हवं होतं ते काढलं. एकच. तिनं निरखून बघितलं, नवऱ्याचा नंबर सांगितला, म्हणाली, "गावाकडं सासूला दावते." तिथंच उभं राहून पाठवला.

घरी येऊन आईला दाखवला. आई बराच वेळ बघत बसली.

"बाई देखणी हाय," ती म्हणाली. आणि मग, "सरपण हाय का गं बाई तुझ्याजवळ?" असं त्या मोबाईललाच विचारलं.

असो. थंडी अजून आहे. जपून राहा.