‘लिखित वस्त्रा’तला ‘मी’ : टॅव्ही गेविन्सनची अनुदिनी

वेशभूषेविषयीचे लेखन साहित्यव्यवहाराच्या कक्षेबाहेरचे आहे, असे आपण बहुतेक जण गृहीत धरून चालतो. गुळगुळीत कागदावरची ती पाने चाळावीत आणि विसरून जावीत, असा आमचाही समज होता. तो पहिल्यांदा डळमळीत झाला तो रोलाँ बार्थच्या वाचनाने. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या फॅशनविषयक ग्रंथासाठी बार्थने कपडे तपासलेच नाहीत. त्याने १९५८-५९ या एका वर्षातली फ्रेंच नियतकालिके समोर ठेवून कपड्यांविषयी छापला जाणारा मजकूर तपासला. शिवलेले वस्त्र, छायाचित्रातले वस्त्र आणि शब्दांतले वस्त्र ही तीन वेगवेगळी वस्त्रे होत, आणि फॅशनला फॅशनपण येते ते या तिसऱ्या, ‘लिखित वस्त्रा’मुळे, असे त्याचे प्रतिपादन आहे. या मजकुराचा सूर आज्ञेचा असतो. यंदा कंबर उंच असेल, यंदा निळा रंग चालेल, असे तो बजावतो; मात्र हे कोण बजावते आहे, याचा पत्ता लागू देत नाही.

या निनावी आज्ञेच्या जागी एका शाळकरी मुलीने ‘मी’ कसा आणला आणि त्या ‘मी’चे पुढे काय झाले, याचा हा अल्पसा इतिहास.

टॅव्ही गेविन्सनचा जन्म एप्रिल १९९६ मधला. शिकागोलगतचे ओक पार्क हे तिचे गाव, हेमिंग्वेही तिथलाच. वडील माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवीत. आई मूळची नॉर्वेची, विणकाम करणारी. भाषा आणि धागा ही दोन्ही साधने अशी घरातच होती. मार्च २००८ मध्ये, वयाची बारा वर्षे पुरी होण्याआधी, तिने ‘स्टाइल रूकी’ ही अनुदिनी सुरू केली. ‘रूकी’ म्हणजे नवशिका. जिथे प्रत्येक वाक्य अधिकारवाणीने उच्चारले जाते, त्या क्षेत्रात शिरताना तिने आपले अनधिकारीपण नावातच जाहीर केले होते.

घराच्या परिसरात काढलेली छायाचित्रे, वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांतून आणलेले आणि एकावर एक चढवलेले कपडे, मोठा चष्मा आणि सोबत नामवंत वेशकारांच्या नव्या संग्रहांवर बेधडक भाष्य, असे या अनुदिनीचे स्वरूप होते. जपानी वेशकार रेई कावाकुबो हे तिचे एक दैवत. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी कावाकुबोने काळे, विरलेले, भोके पाडलेले कपडे पॅरिसमध्ये मांडले, तेव्हा तिथले समीक्षक बिथरले होते. कारण स्त्रीला आकर्षक दाखवणे हा त्या कपड्यांचा हेतूच नव्हता. पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावरील मुलीला नेमके हेच कपडे जवळचे वाटावेत, यात आम्हाला काही योगायोग दिसत नाही. आपल्याकडे इतरांनी कसे पाहावे, हे आपण ठरवू शकतो, हा शोध तिला त्यात लागला असावा.

२००९ हे वर्ष या कथेतले वळण आहे. त्या वर्षी टॅव्ही ‘पॉप’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकली आणि सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या फॅशन सप्ताहात पाहुणी म्हणून गेली. त्याच हंगामात मिलानमध्ये डोल्चे आणि गबाना यांनी अनुदिनीकारांना पहिल्या रांगेत, समोर संगणक मांडून बसवले. डिसेंबरपासून अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाचा नवा दंडक अमलात आला : फुकट मिळालेल्या वस्तूविषयी लिहिताना अनुदिनीकाराने तसे सांगितले पाहिजे. प्रतिष्ठा आणि संशय अशी दोन्ही पाने एकाच वेळी वाढली गेली, असे म्हणायला हरकत नाही.

जानेवारी २०१० मध्ये पॅरिसला दियोरच्या सादरीकरणात तेरा वर्षांची टॅव्ही पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या डोक्यावर स्टीफन जोन्सने घडवलेली, भल्यामोठ्या गुलाबी फितीच्या गाठीची टोपी होती. मागे बसलेल्या एका नियतकालिकाच्या प्रतिनिधीला तीमुळे समोरचे दिसेना; तिने त्या गाठीचे छायाचित्र काढून आपली नाराजी ट्विटरवर मांडली. प्रसंग गमतीचा खरा, पण पंगतीतल्या मानाच्या पानावर कोणी बसावे, हा प्रश्न मुळीच गमतीचा नव्हता. हे सारे लेखन ती एकटीच करते ना, अशी शंकाही जाहीरपणे घेतली गेली होती. मुलगी उत्तम लिहिते, तेव्हा पडद्यामागे कोणी थोर माणूस असणारच, ही शंका आपल्या वाङ्मयेतिहासालाही अपरिचित नाही.

पुढचे पाऊल तिने टाकले ते कपड्यांच्या पलीकडे. ५ सप्टेंबर २०११ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने किशोरवयीन मुलींसाठी ‘रूकी’ हे नियतकालिक महाजालावर आणले. १९८८ ते १९९६ या काळात चाललेले ‘सॅसी’ हे अमेरिकन नियतकालिक तिचा आदर्श होते. ‘रूकी’त दर महिन्याला एक सूत्र असे आणि दिवसातून तीनदा मजकूर येई : शाळा सुटल्यावर, रात्रीच्या जेवणाच्या सुमारास आणि झोपण्यापूर्वी. नियतकालिकाची ‘नियत’ वेळ वाचकाच्या दिनक्रमाशी इतकी जुळवून घेतलेली आम्ही अन्यत्र पाहिलेली नाही. मैत्री, एकाकीपण, शरीर, श्रद्धा, संगीत असे सारे विषय त्यात येत आणि अनेक लेखिका वाचकांच्याच वयाच्या असत. २०१२ पासून निवडक मजकुराची चार वार्षिके ग्रंथरूपाने निघाली.

दरम्यान महाजालाचे स्वरूप पालटत होते. ऑक्टोबर २०१० मध्ये आलेल्या इन्स्टाग्रामने अनुदिनीची जागा हळूहळू बळकावली. परिच्छेद गळाला, प्रतिमा उरली. ज्या ‘मी’ने निनावी आज्ञेला छेद दिला, तोच आता विक्रीचा माल झाला, ‘मला हे आवडते’ या वाक्यामागे बहुधा कोणाचा तरी पैसा उभा राहू लागला. टॅव्हीही यातून पूर्णतः सुटली नाही. २०१७ मध्ये ब्रुकलिनमधील एका निवासी इमारतीशी तिने प्रसिद्धीचा करार केला, त्यावर टीका झाली. २०१९ साली ‘न्यूयॉर्क’ नियतकालिकात लिहिलेल्या दीर्घ लेखात तिने इन्स्टाग्रामने आपल्या आत्मप्रतिमेचे काय केले, याचा झाडा घेतला.

मात्र त्याआधी, ३० नोव्हेंबर २०१८ रोजी, तिने ‘रूकी’ बंद केले. अखेरच्या दीर्घ पत्रात तिने हिशेब मांडला : आहे त्या स्वरूपात नियतकालिक आर्थिकदृष्ट्या तगणारे नव्हते. गुंतवणूकदार, नवा मालक, वाचकांची वर्गणी असे पर्याय तिने पडताळले होते. पण त्या वाटांनी जायचे नाही, असे तिने ठरवले. तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

याला पराभव म्हणावे काय? लघुअनियतकालिकांचा इतिहास शिकवताना आम्हाला हा प्रश्न दरवर्षी पडतो. अशा प्रकाशनांचे मोल त्यांच्या आयुर्मानावर ठरवू नये, असे आम्ही वर्गात सांगतो खरे. पण त्यात लिहू पाहणाऱ्यांना मानधन कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नसते. टॅव्हीपाशीही ते नव्हते. तिने केले ते एवढेच, की उत्तर नाही, हे वाचकांपासून लपवले नाही. बार्थला ज्या मजकुरात बोलणारा माणूस सापडला नव्हता, त्या मजकुरात ती आपल्या नावानिशी, आपल्या वयानिशी उभी राहिली आणि जातानाही स्वतःच्याच आवाजात निरोप घेऊन गेली. आरशापुढे उभ्या राहिलेल्या एखाद्या मुलीला आपल्या कपड्यांविषयी चार वाक्ये लिहावीशी वाटली, तर ती क्षुल्लक समजून बाजूला सारण्यापूर्वी आपण शिक्षकांनी ती एकदा वाचून पाहावीत.