स्लिप क्लच घसरू द्या!

निफाड किंवा दिंडोरीच्या द्राक्षबागेत दोन ओळींमधून लहान ट्रॅक्टर रोटाव्हेटर ओढत चालला की पाहणाऱ्याचे लक्ष ट्रॅक्टरकडे आणि मागे भुसभुशीत होत जाणाऱ्या मातीकडे जाते. या दोहोंना जोडणारा फिरता दांडा, म्हणजे पीटीओ शाफ्ट, सहसा कोणी न्याहाळत नाही. त्याच्या अवजाराकडील टोकाला काही यंत्रांवर स्प्रिंगांनी आवळलेला एक गोल डबा असतो. तोच स्लिप क्लच. नोकरी-व्यवसायानिमित्त नाशिक शहरात राहून गावाकडील मळा सांभाळणारी कुटुंबे कमी नाहीत. अवजार चालवतो चालक, पण फुटलेल्या गिअरबॉक्सचे बिल शहरात येते. त्यामुळे हा डबा काय करतो, हे मालकालाही ठाऊक असलेले बरे.

ट्रॅक्टरच्या इंजिनाची शक्ती मागील अवजाराला फिरत्या दांड्याने देण्याची सोय व्यापारी स्वरूपात प्रथम १९१८ मध्ये अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने आणली. रोटाव्हेटरचे मूळ ऑस्ट्रेलियात आहे. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ च्या सुमारास फिरत्या पात्यांनी जमीन खणण्याचे प्रयोग सुरू केले. आज आपल्याकडील बहुतेक अवजारे मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर चालतात, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. २५ अश्वशक्ती या वेगाने दांड्यातून जात असेल, तर त्यावर सुमारे ३३० न्यूटन-मीटर पीळ पडतो. हा झाला नेहमीच्या कामाचा भार. पाते एकाएकी अडले की फिरत्या इंजिनाची व गतिचक्राची साठलेली ऊर्जा क्षणात त्याच दांड्यावर येते आणि पीळ कित्येक पटींनी वाढतो. मग जो भाग सर्वांत दुबळा असेल, तो तुटतो. तो कोणता असावा, हे आधीच ठरवून ठेवणे हेच स्लिप क्लचचे प्रयोजन होय.

रचना साधी आहे. धातूच्या चकत्या आणि घर्षणाचे अस्तर (कारागीर त्याला लायनिंग म्हणतात) आलटून-पालटून बसवलेले असते व सभोवतालच्या बोल्टांवरील स्प्रिंगा त्यांना एकमेकांवर दाबून धरतात. नेहमीच्या भाराला हा सारा संच एकसंध फिरतो. भार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की चकत्या घसरतात, दांडा फिरत राहतो आणि पाती थांबतात. अडथळा दूर होताच क्लच पुन्हा पकड घेतो. काही तुटत नाही, काही बदलावे लागत नाही.

नाशिक जिल्ह्यात अशा अडथळ्यांची वाण नाही. गोदावरी व कादवेच्या काठच्या काळ्या जमिनीत पाती सहसा सुखाने चालतात. परंतु सिन्नर, चांदवड, येवल्याकडील हलक्या, मुरमाड जमिनीत काळ्या पाषाणाचे गोटे जागोजाग वर येतात. बागेत त्यांखेरीज लोखंडी अँगल, ताणाच्या तारा आणि ठिबकची नळी असते. तार किंवा नळी रोटरला गुंडाळली गेली, की दगडासारखा एकच धक्का बसत नाही, भार हळूहळू चढत जातो. चालकाच्या ते लक्षात येईपर्यंत क्लच बराच वेळ घसरत राहतो.

अनेक रोटाव्हेटरांवर स्लिप क्लचऐवजी शिअर बोल्ट असतो. भार वाढला की तो तुटतो आणि नवा बसवावा लागतो. तो स्वस्त आहे, पण त्यातच त्याचा धोकाही आहे. ऐन कामात बोल्ट तुटला आणि जवळ तसा नसला, की हाताला लागेल तो बोल्ट ठोकून काम उरकले जाते. बोल्टाच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे ताकदीचे आकडे कोरलेले असतात. उत्पादकाने सांगितल्यापेक्षा वरच्या आकड्याचा बोल्ट घातला, तर तो तुटायचा नाही आणि त्याच्याऐवजी गिअरबॉक्सचे दात तुटतील.

स्लिप क्लचचे नेमके हेच होते. ‘क्लच सारखा घसरतो’ अशी तक्रार आली, की पहिला हात पान्याकडे जातो. नट आवळत आवळत स्प्रिंगेची वेटोळी एकमेकांना टेकवली जातात. काही ठिकाणी तर वेल्डिंग करून त्या चकत्या कायमच्या जोडल्या जातात! घसरणे हा त्या यंत्राचा दोष नव्हे, ते त्याचे काम आहे, ही गोष्ट अजूनही पुरेशी रुजलेली नाही. खरोखरच वारंवार घसरत असेल, तर तीन शक्यता तपासाव्यात : अवजार ट्रॅक्टरच्या मानाने मोठे किंवा खोलीला जास्त आहे, अस्तर झिजले आहे, अथवा त्यावर तेल-ग्रीस गेले आहे. स्प्रिंगेची दाबलेली लांबी किती असावी, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ती पट्टीने मोजावी आणि सर्व बोल्टांवर सारखीच ठेवावी. हाताच्या अंदाजावर हे काम सोडू नये.

उलट दोष अधिक फसवा आहे, कारण तो दिसत नाही. मे-जूनमध्ये मशागत उरकली की रोटाव्हेटर शेडमध्ये, बहुधा शेडच्या कडेला, उभा राहतो. पावसाळ्याच्या दमट हवेत चकत्यांवर गंज चढतो आणि अस्तर धातूला चिकटते. फळछाटणीच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तेच अवजार बागेत उतरते. बागलाण-कळवणकडील लवकरच्या छाटणीला तर पाऊस चालू असतानाच. क्लच बाहेरून जसाच्या तसा दिसतो, मात्र आता तो घसरण्याच्या स्थितीत नसतो. छाटणीच्या पंधरवड्यात गिअरबॉक्स बसला, तर दुरुस्तीपेक्षा वाया गेलेल्या दिवसांचाच भुर्दंड मोठा पडतो.

म्हणून हंगामाआधी क्लच मोकळा करून घ्यावा. इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी. प्रत्येक स्प्रिंगेची लांबी मोजून लिहून ठेवावी. चकत्यांच्या कडांवरून खडूची किंवा कानशीची एक सरळ रेघ ओढावी. मग प्रत्येक नट दोन फेरे सैल करावा, आसपास कोणी नाही याची खात्री करून पीटीओ दोन-तीन सेकंदच चालू करावा आणि इंजिन पुन्हा बंद करावे. रेघेचे तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर क्लच मोकळा आहे. कोणत्याही दोन चकत्यांवरील रेघ जुळलेलीच राहिली, तर त्या अजून चिकटलेल्या आहेत. संच उघडून गंज काढावा आणि झिजलेले अस्तर बदलावे. क्लच थंड झाल्यावर नट पूर्वीच्याच मापावर आणावेत. जास्त दिवस अवजार उभे राहणार असेल, तर नट सैल करून ठेवले तरी चालते, पण तसे केल्याची चिठ्ठी शाफ्टला बांधावी, नाहीतर पुढच्या हंगामात सैल क्लच घेऊनच काम सुरू व्हायचे.

ग्रीसच्या बाबतीत एक घोळ नेहमी होतो. शाफ्टच्या दोन्ही क्रॉसना आणि सरकत्या नळीला ग्रीस हवेच, क्लचच्या अस्तराला मात्र त्याचा थेंबही नको. क्लचलगतच्या क्रॉसला ग्रीसगन लावली की बाहेर आलेले जादा ग्रीस लगेच फडक्याने पुसावे.

चालवण्याच्या सवयींवरही क्लचचे आयुष्य अवलंबून असते. अवजार जमिनीत रुतलेले असताना पीटीओ जोडू नये. ते उचललेले ठेवून इंजिन कमी वेगात असताना जोडावा आणि मग हळूहळू खाली सोडावे. जळका वास किंवा धूर आला, तर तात्काळ पीटीओ बंद करावा. काही सेकंदांपेक्षा जास्त घसरण झाली की अस्तर तापते, गुळगुळीत होते आणि पुढे पकड घेत नाही. थंड होऊ देणे हाच त्यावर उपाय. पाणी ओतणे नव्हे.

फवारणीच्या ब्लोअरची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे जड पंख्याला सुरुवातीला वेग देणे आणि पीटीओ बंद केल्यावर त्याच्या फिरण्याचा उलटा जोर ट्रॅक्टरवर न येऊ देणे, असे दोन प्रश्न असतात. दुसऱ्यासाठी एकाच दिशेने पकड घेणारा निराळा क्लच लागतो. स्लिप क्लच ते काम करत नाही, आणि दुकानात शाफ्ट मागताना ही दोन नावे एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

शाफ्टवरील प्लॅस्टिकचे आवरण फुटले की ते काढून फेकण्याची रीत सर्रास आढळते. क्लचची तपासणी करताना हे आवरण आणि त्याची साखळी जागेवर आहे का, हेही पाहावे. स्लिप क्लच अवजार वाचवतो, माणूस नव्हे : लुगड्याचा पदर, उपरणे किंवा सैल बाही त्या दांड्यात गुंडाळली गेली, तर तेवढ्या ओढीला क्लच घसरत नाही, आणि सेकंदाला ९ फेऱ्यांच्या वेगापुढे हात मागे घेण्याइतकाही अवधी मिळत नाही.