भेंडवळचा घट आणि साथीनंतरचे वऱ्हाड

सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेपर्यंत पसरलेल्या काळ्या, खारपाणी पट्ट्यात बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातले भेंडवळ हे गाव आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात वाघ घराण्यातले महाराज घट मांडतात. जमिनीवर गोल आखून त्याच्या कडेने अठरा प्रकारची धान्ये ठेवतात. त्यांत गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, करडी, मसूर, अंबाडी, सरकी, भादली ही असतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे ठेवतात, ती पावसाळ्याचे चार महिने. ढेकळांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पुरी, पापड, कुरडई, सांडोळी, करंजी, भजे, वडा. शेजारी विड्याचे पान आणि सुपारी. रात्रभर तिथे कोणी थांबत नाही. सकाळी सूर्य उगवताना कोणता दाणा जागेवरून हलला, कोणते ढेकूळ भिजले, सुपारी पानावर आहे की सरकली, हे पाहून येत्या वर्षाचे भाकीत सांगितले जाते.

चंद्रभान महाराज वाघ यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ही मांडणी सुरू केली, असे परंपरा सांगते. अलीकडच्या काळात पुंजाजी महाराज आणि सारंगधर महाराज वाघ यांनी ती चालवली. भाकीत ऐकायला बुलढाणा, अकोला, जळगाव या जिल्ह्यांतून आणि मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडूनही शेतकरी येतात. ‘ज्वारी साधारण’, ‘तूर मोघम’, ‘राजा कायम’ अशी तुटक वाक्ये ते ऐकतात, काहीजण वहीत उतरवून घेतात आणि उन्हे चढण्याआधी घरची वाट धरतात.

या घटाची यादी नीट वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. सुपारी राजाची आणि पान त्याच्या गादीचे. करंजीवरून तिजोरीचा अंदाज, सांडोळी-कुरडईवरून गुराढोरांच्या चारापाण्याचा, पुरीवरून पृथ्वीवरच्या संकटांचा. करडी देशाच्या संरक्षणासाठी, मसूर परकीय शत्रूसाठी. भादली या आता शेतातून जवळजवळ गेलेल्या भरड धान्याकडे रोगराईचा प्रश्न सोपवलेला आहे. म्हणजे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने साथ ही गोष्ट कधी वेगळी काढली नाही. पाऊस, चारा, भाव, राजा आणि रोग यांना त्याने एकाच वर्तुळात बसवले. साथ ओसरल्यावर रोजचे जगणे कसे असेल, या प्रश्नाला मराठी मुलखात इतकी जुनी आणि इतकी ठाशीव मांडणी दुसरीकडे क्वचितच सापडेल.

ही मांडणी एका अनुभवातून घट्ट झाली असावी. दुष्काळ आणि साथ या जिल्ह्यात पुन्हा पुन्हा हातात हात घालून आली. १८९१ च्या खानेसुमारीत त्या वेळच्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४ लाख ८१ हजारांवर होती. १९०१ मध्ये ती ४ लाख २३ हजारांवर आली. मधल्या दशकात १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडला आणि त्याच्या जोडीने पटकी, ताप, हगवण यांनी माणसे नेली. मुंबईत १८९६ मध्ये उतरलेला प्लेग पुढच्या काही वर्षांत रेल्वेच्या वाटेने वऱ्हाडात पोचला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही मुंबई-नागपूर लोहमार्गावरची स्टेशने, तर जलंबहून खामगावच्या कापूस बाजारात जाणारा फाटा १८७० पासून सुरू होता. ज्या रुळांवरून कापसाच्या गाठी मुंबईला गेल्या, त्याच रुळांवरून साथी आल्या. प्लेगात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. पटकीच्या साथीत मरीमायचा गाडा गावाच्या शिवेबाहेर ओढून नेत. पंचांगातली नक्षत्रांची वाहने, सहदेव-भाडळीची पावसाची वचने आणि भेंडवळचा घट यांच्याकडे माणसे वळत ती या काळजीपोटी.

मग १९१८ उजाडले.

त्या वर्षी देशभर पाऊस कमी झाला. महायुद्धामुळे धान्याचे आणि कापडाचे भाव चढलेले होते. सप्टेंबरात मुंबईत इन्फ्लुएन्झाची दुसरी, जीवघेणी लाट आली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती मध्यप्रांत-वऱ्हाडात पसरली. लोक तिला मानमोडी म्हणत. सबंध हिंदुस्थानात ज्या प्रांतांना तिचा सर्वांत मोठा तडाखा बसला, त्यांत हा प्रांत होता. वऱ्हाडात हे दिवस कापूस वेचणीचे आणि रब्बीच्या पेरणीचे असतात. नेमके तेव्हाच वीस ते चाळीस वयाची माणसे, त्यातही बायका, जास्त गेल्या. वऱ्हाडाची लोकसंख्या १९०१ ते १९११ या दहा वर्षांत साडेसत्तावीस लाखांवरून साडेतीस लाखांवर गेली होती. पुढच्या दहा वर्षांत ती जेमतेम वीस हजारांनी वाढली. देशाच्या पातळीवर तर १९११ ते १९२१ हे खानेसुमारीच्या इतिहासातले लोकसंख्या घटलेले एकमेव दशक ठरले.

१९१९ च्या उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या एखाद्या घरात पुढचे वर्ष कसे जाईल हा प्रश्न विचारला गेला असेल, तर त्याचे उत्तर कुणाच्याच हाती नव्हते. त्यातले काही पुढे अर्थशास्त्रज्ञांनी शोधले. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हिंदुस्थानातल्या या साथीचा हिशेब मांडला. शेतीत माणसे गरजेपेक्षा जास्त आहेत, काही कमी झाली तरी उत्पन्न घटणार नाही, असे त्या काळी अनेक तज्ज्ञ मानत. शुल्ट्झ यांनी १९१६-१७ आणि १९१९-२० या वर्षांतले पेरणीचे क्षेत्र ताडून पाहिले. ते ३.८ टक्क्यांनी घटलेले निघाले. गेलेली माणसे फालतू नव्हती, त्यांच्यामागे जमीन पडीक राहिली, असा त्यांचा निष्कर्ष होता. अमर्त्य सेन यांनी पुढे त्याला आक्षेप घेतला. साथीतले मृत्यू सगळ्या कुटुंबांत सारखे वाटले जात नाहीत. एखाद्या घरातले सगळे कर्ते जातात आणि शेजारच्या घराला धक्काही लागत नाही, मग सरासरीवरून असा निष्कर्ष कसा काढायचा, असा त्यांचा प्रश्न होता. दोघांच्या वादात शिकागो आणि दिल्लीचे विद्यापीठ गुंतले होते. पण वादाचा विषय होती वखर कोण हाकणार, पेरणी कोण करणार, विधवेच्या शेताचे काय होणार ही रोजची गोष्ट, आणि ती वऱ्हाडातल्या प्रत्येक गावात घडून गेली होती.

एकशे दोन वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा आला. २०२० च्या मार्चमध्ये शेगावचे गजानन महाराजांचे मंदिर बंद झाले. बुलढाणा शहरात मार्चच्या अखेरीस कोरोनाचा पहिला बळी गेला. मुंबई-नागपूर महामार्गावर मलकापूर, नांदुरा, खामगाव या गावांवरून डोक्यावर बोचकी घेतलेले मजूर चालत जात होते आणि रस्त्याकडेची गावे त्यांना पाणी-भाकर देत होती. अक्षय तृतीया त्या वर्षी २६ एप्रिलला आली. टाळेबंदीमुळे भेंडवळला दरवर्षीची गर्दी जमू शकली नाही. पुढच्या वर्षी १४ मे २०२१ ला, दुसऱ्या लाटेच्या ऐन कडाक्यात, तेच झाले. शेगावची पंढरपूरची पायी वारीही त्या दोन्ही वर्षी निघाली नाही.

भाकिते मात्र सगळीकडून येत होती. शहरे ओस पडतील, माणसे गावाकडे राहायला जातील, शाळा फोनवर भरतील, हस्तांदोलन संपेल, असे जगभरचे लेखक लिहीत होते. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने गणिती प्रारूप मांडले. ऑक्टोबर २०२० मध्ये तिने सांगितले की साथीचे शिखर ओलांडले आहे आणि नियम पाळले तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत ती आटोक्यात येऊ शकेल. फेब्रुवारी उजाडला आणि दुसरी लाट जिथून वर आली, तो भाग होता अमरावती विभाग. अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा. देश मास्क खाली उतरवत असताना इथे पुन्हा संचारबंदी लागली.

पण प्रारूप चुकले म्हणून घट आणि गणित सारखेच, असे म्हणता येत नाही. प्रारूपाने आपली गृहीतके छापली होती, ते चुकले हे आकड्यांनी दिसले आणि त्याच्या कर्त्यांना ते जाहीरपणे दुरुस्त करावे लागले. भारतीय हवामान विभागाचेही तसेच. १८७५ मध्ये स्थापन झालेला हा विभाग १८८६ पासून मोसमी पावसाचा दीर्घकालीन अंदाज देतो आहे. एप्रिल २०२० मध्ये त्याने सरासरीच्या १०० टक्के पाऊस सांगितला, प्रत्यक्षात १०९ टक्के पडला. पुढच्या वर्षी ९८ टक्के सांगितला, पडला ९९ टक्के. हा ताळा मांडता येतो. ‘साधारण’ आणि ‘मोघम’ या शब्दांचा ताळा मांडता येत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अनेक वर्षे हेच सांगत आले आहेत. वारा, मुंगी, रात्रीचा उंदीर यांनी दाणा हलतो, त्यावर शेतकऱ्याने पेरणी ठरवू नये, हा त्यांचा आग्रह रास्त आहे. बियाणे आणि खत उधारीवर घेणाऱ्याला चुकीचे भाकीत फार महाग पडते.

याच जिल्ह्यात त्याच काळात तपासणीचा एक चांगला नमुना घडला. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. महामारी चालू असल्यामुळे लोकांनी त्याचा नाना प्रकारे अर्थ लावला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लक्ष घातले, पाण्याचे नमुने नागपूरची नीरी आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे गेले. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसले, असे निदान झाले. कडक उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले होते. काही आठवड्यांत प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि ते कुणालाही पडताळता येण्याजोगे होते.

कोरोनानंतरचे बुलढाण्यातले जगणे प्रत्यक्षात ठरवले ते एका पिकाने, आणि त्या पिकाला भेंडवळच्या जुन्या अठरा धान्यांत जागा नाही. सोयाबीन. गेल्या काही दशकांत जिल्ह्याच्या खरिपावर त्याचीच सत्ता आहे. २०२१ च्या जुलैअखेर सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांपर्यंत चढला. त्या वेळी बहुतेक शेतकऱ्यांच्या घरात माल उरला नव्हता. ऑगस्टमध्ये केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नवे पीक बाजारात आले तोवर भाव जवळजवळ अर्ध्यावर उतरला होता. नोव्हेंबरमध्ये बुलढाण्याचे शेतकरी नेते रविकांत तुपकर यांनी भावासाठी अन्नत्याग आंदोलन केले. डिसेंबरात सोयाबीनचे वायदे व्यवहार बंद झाले. गावात दवाखान्याचे बिल, मुलीचे लग्न, पोराच्या कॉलेजची फी हे सगळे या चढउतारावर अवलंबून होते. साथीनंतरचे भविष्य सांगणाऱ्यांपैकी कुणी सोयापेंडीचे नाव घेतले नव्हते.

सातपुड्यातल्या वाड्या-वस्त्यांवर फोनला रेंज नव्हती, तिथली शाळा बंद म्हणजे बंदच होती. भाकिते शहरातल्या खिडकीतून लिहिली गेली, म्हणून त्यांत ही मुले आली नाहीत. घटात मात्र चारा आहे, सरकी आहे, रोगही आहे. उत्तर देण्याची त्याची पद्धत ग्राह्य नसली, तरी त्याने जपलेली प्रश्नांची यादी जगभरच्या त्या लेखांपेक्षा या जिल्ह्याच्या जास्त जवळची आहे.

त्या प्रश्नांची पडताळता येणारी उत्तरे शोधायची, तर साधन बुलढाण्याच्या तहसील कचेऱ्यांतच आहे. विदर्भात गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात ठेवल्या जात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी अशा जुन्या दफ्तरांची पाने उलटली गेली, स्कॅन झाली. शोध जातीच्या रकान्याचा होता. त्याच पानांवर मृत्यूची तारीख, वय आणि कारण यांचे रकाने असतात. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पाने गावनिहाय मोजली, त्यांच्याशेजारी १९१९ आणि १९२० चे पीकपेरे ठेवले, तर शुल्ट्झ आणि सेन यांच्या वादाचा बुलढाण्यापुरता निकाल लावता येईल. कोणत्या घराची जमीन पडीक राहिली, कोणाची विकली गेली, कोणत्या गावाला सावरायला किती हंगाम लागले, हे कळेल. अमरावती विद्यापीठातल्या इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे. २०२० आणि २०२१ च्या नोंदी तर अजून ताज्या आहेत आणि ज्यांच्या घरातली माणसे गेली, ते सांगायला हयात आहेत.