खेळाचे दुसरे चित्र

१ ऑक्टोबर २०२३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा एक सामना झाला व जॅक्सनव्हिलच्या संघाने अटलांटाच्या संघाला २३-७ असे हरविले. त्याच वेळी अमेरिकेतील मुलांना हाच सामना घरबसल्या निराळ्या रूपात पाहावयास मिळाला. ‘टॉय स्टोरी’ ह्या चित्रपटातील अँडी नावाच्या मुलाची खोली हे मैदान झाले, आणि खेळाडूंच्या जागी चित्रातील बाहुल्या धावू लागल्या. खेळाडूंच्या खांद्यांवरील कवचांत व चेंडूत बसविलेली सूक्ष्म यंत्रे प्रत्येकाचे स्थान क्षणोक्षणी कळवीत, आणि संगणक त्याबरहुकूम चित्रे हलवी. ज्यांना खेळाचे नियम ठाऊक नाहीत अशा बालकांना त्याची गोडी लावावी, हा ह्यातील हेतू.

युक्ती नवी दिसते. तिचे कुळ मात्र जुने आहे. १९३८ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडात खेळत असता सिडनीच्या नभोवाणीगृहात समुद्रापलीकडून तारा येत, आणि त्या त्रोटक शब्दांवरून समालोचक अवघा सामना श्रोत्यांपुढे उभा करीत. लाकडावर पेन्सिल आपटली की बॅटचा आवाज होई. टाळ्या ध्वनिमुद्रिकेतून येत. तार उशिरा आली तर मधला मजकूर पदरचा घालावा लागे.

आपल्याकडे हे काम शब्दांनी केले. १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या सामन्यांचे वर्णन बॉबी तल्यारखान इंग्रजीतून करीत. पुढे बाळ ज. पंडित ह्यांनी नभोवाणीवर मराठी समालोचनाची वाट पाडली. ‘पायचीत’, ‘धावचीत’, ‘यष्टिचीत’ हे शब्द पाहा. त्यांतील ‘चीत’ हा तांबड्या मातीतला शब्द आहे. ज्याने जन्मात बॅट हाती धरली नाही, पण कुस्तीचा फड पाहिला आहे, त्याला त्या एका शब्दाने कळते की गडी संपला. अँडीची खोली अमेरिकन बालकासाठी जे करते, तेच आखाड्याने मराठी श्रोत्यासाठी केले: परका खेळ ओळखीच्या अंगणात आणून ठेवला.

तथापि अशा चित्राची एक मर्यादा आहे, आणि तिचे उत्तम उदाहरण आपल्या नागपुरातच सापडते. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर विश्वचषकाचा सामना झाला. चेतन शर्मा ह्यांनी न्यूझीलंडचे रदरफोर्ड, स्मिथ व चॅटफील्ड हे तीन फलंदाज ओळीने त्रिफळाचीत केले; विश्वचषकातील ही पहिलीच हॅटट्रिक. हा पराक्रम बाहुल्यांच्या चित्रात हुबेहूब उतरेल. तीन चेंडू आणि तीन वेळा उडालेल्या यष्ट्या, ह्यांस भाष्याची गरज नाही. परंतु त्याच दिवशी सुनील गावसकर ह्यांनी अंगात ताप असताना ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यांतील त्यांचे हे एकमेव शतक. फलंदाज कोठे उभा आहे हे यंत्र सांगेल; त्याच्या अंगातला ताप ते कोठून सांगणार? बाहुलीला ज्वर येत नाही, आणि ज्वर वगळला की त्या शतकाचे अर्धे मोल गेले.

म्हणून अशा प्रक्षेपणांना नाक मुरडणे मला योग्य वाटत नाही. मैदानावर कधी न गेलेल्यांना खेळ आपलासा वाटावा, हे नभोवाणीचेही ब्रीद होते. परंतु सिडनीच्या समालोचकाला जे कळत नसे ते तो कल्पनेने भरी. आजच्या संगणकाला स्थान कळते, मनुष्य कळत नाही. ती उणीव जाणत्या समालोचकानेच भरून काढावयाची आहे. २०२३ च्या आयपीएलचे समालोचन महाजालावर बारा भाषांत झाले व त्यांत मराठीही होती. उद्या मराठी मुलांसाठी क्रिकेटचे असे सचेतन चित्र निघाले, तर त्याच्या शेजारी मराठीत बोलणारा माणूस अवश्य बसवावा, आणि चित्रात न दिसणारा ताप त्याने मुलांना सांगावा, एवढे सुचवून मी आपली रजा घेतो.