खोडकर बुटका आणि मराठवाड्यातील भानामती

आयर्लंडच्या लोककथांत लेप्रिकॉन नावाचा एक बुटका भेटतो. उंची हातभर, धंदा चांभाराचा, स्वभाव चिक्कू आणि खोडकर. सोन्याच्या मोहरांनी भरलेला हंडा तो कुठे तरी पुरून ठेवतो आणि मागावर येणाऱ्या माणसाला हातोहात फसवतो. हाच बुटका आज अनेक देशांतील बालवाड्यांत १७ मार्चच्या सकाळी हजेरी लावतो. त्या दिवशी सेंट पॅट्रिकचा सण असतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलेही हा खेळ शाळेतून घरी आणतात. खेळ निरागस आहे. मात्र त्यातील खुणा मराठवाड्यातील वाचकाला वेगळ्याच गोष्टीची आठवण करून देतील.

बुटक्याची कुळकथा

जुन्या आयरिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘लहान देहाचा’ असा सांगितला जातो. फर्गस नावाच्या राजाच्या मध्ययुगीन कथेत पाण्यात राहणारे असे बुटके येतात. झोपलेल्या राजाला ते समुद्राकडे ओढून नेऊ पाहतात. आज लेप्रिकॉन हिरव्या कपड्यांत दिसत असला, तरी एकोणिसाव्या शतकातील वर्णनांत त्याचा कोट लाल आहे. हिरवा रंग नंतर चढला.

त्याच्या खोडीची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट क्रॉफ्टन क्रोकर यांच्या १८२५ मधील संग्रहात आहे. एक तरुण बुटक्याला पकडतो आणि सोने कोणत्या झुडपाखाली पुरले आहे हे त्याच्याकडून काढून घेतो. खणायला जवळ कुदळ नसते. म्हणून तो झुडपाला लाल पट्टी बांधतो, पट्टी सोडणार नाही असे वचन बुटक्याकडून घेतो आणि घरी धावतो. परत येऊन पाहतो तो शेतातील प्रत्येक झुडपाला तशीच लाल पट्टी! बुटक्याने वचन मोडलेले नसते आणि सोनेही गमावलेले नसते. या खोडीत कोणाला इजा होत नाही. हसे होते ते केवळ हावरेपणाचे.

घरी आणि शाळेत

आदल्या रात्री आईवडील किंवा शिक्षक गुपचूप तयारी करतात. सकाळी मुलांना खुर्च्या उलट्या दिसतात, बूट एकमेकांना बांधलेले असतात, दुधाला हिरवा रंग आलेला असतो आणि फरशीवर बोटाएवढी पावले उमटलेली असतात. कुठे तरी सोनेरी कागदात गुंडाळलेली चॉकलेटची नाणी सापडतात. पुढे मुले बुटक्याला पकडण्यासाठी बुटांच्या खोक्यांचे सापळे करतात. दार आपोआप कसे मिटेल, आमिष कोणते ठेवावे, शिडी किती उंच हवी, यावर तावातावाने चर्चा होते. बुटका अर्थातच सापडत नाही. पण मोजणे, जोडणे, अंदाज बांधणे आणि चुकलेला अंदाज सुधारणे हे सारे घडून जाते.

तीन ते सात हे वय या खेळाला विशेष मानवते. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दोन ते सात या वर्षांत मुलांचा विचार प्रतीकांच्या आणि कल्पनेच्या आधाराने चालतो असे दाखवून दिले. काठीचा घोडा होतो, पाटाची मोटार होते. आपल्याकडील अंगणवाडीचा पूर्वप्राथमिक वयोगटही तीन ते सहाच आहे.

आपल्याकडील अदृश्य मंडळी

मराठी बालपणात अदृश्य पात्रांची उणीव नाही. तथापि त्यांतील बहुतेकांना काम दिले गेले ते धाकाचे. जेवत नाही म्हणून बागुलबुवा, दुपारी बाहेर जाऊ नये म्हणून पिंपळावरचा मुंजा, रात्रीच्या वाटेवर रस्ता चुकवणारा चकवा. खोडीला मोकळीक मिळते ती शिमग्यात. फाल्गुन पौर्णिमेच्या आधी होळीसाठी गोवऱ्या आणि लाकडे पळवणे ही मुलांची परंपरेने मान्य झालेली चोरी. ज्याच्या गोवऱ्या जातात तो ओरडतो, पण चोर कोण आणि कशासाठी हे साऱ्या आळीला ठाऊक असते. लेप्रिकॉनचा दिवसही याच सुमारास येतो, हा एक गमतीचा योग.

भीतीचे हसण्यात रूपांतर करण्याचे मोठे काम मराठी बालरंगभूमीने केले. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, आणि पुढे २०१८ मध्ये वैभव मांगले यांच्या रूपाने ती नव्या पिढीसमोर आली. चेटकीण पाहून मुले किंचाळतात आणि पुढच्याच क्षणी हसतात. चेटकिणीच्या वेशात नट आहे, हे त्यांना कुठे तरी माहीत असते.

तीच खूण, वेगळा अर्थ

मराठवाड्यात घरातील वस्तू जागच्या हलल्या, अन्नात केस निघाले, दोरीवरच्या कपड्यांनी पेट घेतला, छपरावर दगड पडले किंवा अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटल्या, की ‘भानामती’ हा शब्द उच्चारला जातो. काही गावांत स्त्रिया कुत्र्यासारख्या भुंकू लागल्या की तीही भानामतीच मानली गेली. कुटुंबाची झोप उडते, मांत्रिकाला पैसे जातात आणि संशय बहुधा एखाद्या शेजाऱ्यावर किंवा एकट्या बाईवर येतो.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशा अनेक घरांत जाऊन शोध घेतला. वस्तू आपण होऊन हलत नाहीत. घरातीलच कोणी तरी, पुष्कळदा मनाने कोंडलेली व्यक्ती, हे करत असते, असे त्यांना आढळले. सासुरवासाने पिचलेली सून, परीक्षेच्या धास्तीने ग्रासलेला मुलगा, कोणी लक्ष देत नाही असे वाटणारी मुलगी. जे बोलता येत नाही ते कृतीतून बाहेर पडते. त्या व्यक्तीशी विश्वासाने बोलणे आणि गरज असल्यास मानसोपचार मिळवून देणे हाच उपाय ठरतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चटके देणे, किंवा अमुक व्यक्ती करणी करते असे सांगून तिचे जगणे असह्य करणे हे या कायद्याने गुन्हे आहेत.

अणदूरच्या संदर्भात

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर अणदूर वसले आहे. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये बदलले. येथील खंडोबाची प्रथा आगळी आहे: देव एक, मंदिरे दोन. वर्षातील सुमारे सव्वादहा महिने मूर्ती अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला असते. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा नळदुर्गला भरते. देव घर बदलतो, पण तो केव्हा निघाला आणि कोठे आहे हे लहानथोर सर्वांना माहीत असते. याच गावातील हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतील स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवले आणि आरोग्याचे साधे ज्ञान घरोघरी पोहोचवले. ज्या भागात दुखणे आणि करणी यांतील फरक पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागतो, तेथे अशा कामाचे मोल मोठे आहे.

अशा परिसरातील शाळेने किंवा घराने अदृश्य पाहुण्याचा खेळ खेळू नये काय? अवश्य खेळावा, पण उलगड्यासकट. भानामती आणि लेप्रिकॉन यांच्या खुणा जवळजवळ सारख्या असतात. फरक एवढाच, की एका ठिकाणी करणारा लपून राहतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो शेवटी हसत पुढे येतो.

खेळताना पाळावयाची पथ्ये

* खोडी हसवणारी असावी. मुलाची आवडती वस्तू मोडू किंवा हरवू नये. अंधार, आग, रक्तासारखा रंग यांचा वापर टाळावा.
* ‘तो तुझ्यावर नजर ठेवून आहे’ असे सांगू नये. तसे केल्यास पाहुण्याचा बागुलबुवा होतो.
* शाळेत खेळ करायचा असल्यास पालकांना आधी कळवावे. घरी गेलेली अर्धवट हकिगत भलतेच वळण घेऊ शकते.
* एखादे मूल घाबरले तर खेळ तिथेच थांबवून त्याला पडद्यामागची तयारी दाखवावी.
* मुलाने ‘हे तुम्हीच केले ना?’ असे सरळ विचारले, तर सरळ उत्तर द्यावे.
* पुढच्या वेळी खोडी करण्याची पाळी मुलांना द्यावी. पिठात बोटे बुडवून फरशीवर पावले कशी उमटवायची हे ज्याने स्वतः करून पाहिले, ते मूल पुढे कोठेही अशी पावले दिसली की प्रथम पिठाचा डबा कोणी उघडला हे विचारील.