सिंदीचा कंस आणि डेटाबेसमधली 'एसटी'

मंडळी, आपल्या गावाच्या नावात कंस का, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. वर्ध्याला लागून सिंदी (मेघे) आहे, आपली सिंदी (रेल्वे). कंस गाळला तर पार्सल भलत्याच सिंदीत जाऊ शकतं. हाच घोळ संगणकातल्या नकाशांमध्येही झाला होता, आणि तो थेट वावराशी जोडलेला आहे.

डेटाबेसशी बोलायची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिला आधी आकडे, अक्षरं, तारखा एवढंच कळायचं. १९९९ च्या मानकात आपला स्वतःचा प्रकार तयार करायची सोय आली. म्हणजे समजा 'वावर' हा एक प्रकार, आणि त्याला विचारायचे ठरलेले प्रश्न: क्षेत्रफळ किती? विहीर आत आहे का? या प्रश्नांना मेथड म्हणतात.

पण त्यांना नावं काय द्यायची? त्याच वर्षी ओजीसी या संस्थेच्या मानकात साधी नावं होती: एरिया, लेंग्थ, कंटेन्स. आयएसओच्या मानकानं मात्र प्रत्येक नावाआधी 'एसटी_' लावलं. लाल डबा नव्हे! स्पेशियल अँड टेम्पोरल, म्हणजे जागा आणि काळ. पुढे काळाचा भाग वेगळा काढला, 'टी' तसाच राहिला. ऑरॅकलनं आपलं 'एसडीओ_' चालवलं.

२००१ मध्ये कॅनडात पोस्टजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर निघालं. आधी साधी नावं, नंतर 'एसटी_'. २०१२ च्या २.० आवृत्तीत बरीच जुनी नावं काढली, तेव्हा ती वापरणारे प्रोग्राम अडले. जुनी नावं परत आणायला वेगळी फाइल द्यावी लागली. मायक्रोसॉफ्टनं २००८ मध्ये मानकातल्या मेथडना 'एसटी' जोडलं, स्वतःच्या जादा मेथडना नाही. मला हे पटतं. व्याख्या कोणाची, ते नावावरूनच कळतं.

खरा घोटाळा मायएसक्यूएलमध्ये होता. तिथं 'कंटेन्स' विचारलं की संगणक वावराचा धुरा पाहतच नव्हता. वावराभोवती बसणारी आयताकृती चौकट पाहायचा. तुमचं वावर काटकोनी गुण्यासारखं असेल आणि शेजाऱ्याची विहीर त्या कोपऱ्यात असेल, तर उत्तर येणार, 'विहीर आत'! पोस्टजीआयएसमध्ये त्याच नावाचा प्रश्न खरा आकार पाहायचा. नाव एकच, उत्तरं दोन. ५.६ आवृत्तीत खऱ्या आकाराचं 'एसटी_कंटेन्स' आलं. २०१८ च्या ८.० मध्ये बिनकंसाचं, म्हणजे नुसतं 'कंटेन्स' काढून टाकलं. चौकटीवाल्याचं नाव 'एमबीआरकंटेन्स'.

आता गटाचे नकाशे मोबाइलवर दिसतात. आपल्याकडे समृद्धी झाला, भूसंपादन सुरूच असतं. "संगणकावर तुमचा गट आत येतो" असं कुणी सांगितलं, तर आत म्हणजे चौकटीच्या आत की धुऱ्याच्या, हे तिथंच विचारा. उत्तर लेखी घ्या.