‘कायमचे’ या शब्दामागे लागा

वॅक्सिंग करणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवाने माहीत असते. केस मुळापासून ओढून काढले, नंतर त्वचेची कितीही काळजी घेतली, तरी तीन ते सहा आठवड्यांत ते परत येतात. म्हणून या धंद्यात सगळ्यात जास्त खपणारा शब्द म्हणजे ‘कायमचे’. विषय शोधत असाल तर या शब्दामागे लागा.

एक उदाहरण देतो. १९३० च्या सुमारास अमेरिकेत कोरेमलू नावाचं केस काढायचं मलम मोठमोठ्या दुकानांत मिळायचं. आत थॅलियम अ‍ॅसिटेट होतं. थॅलियमची संयुगं तेव्हा उंदीर मारायला वापरत. डॉक्टरांनाही ते ठाऊक होतं, कारण टाळूच्या गजकर्णावर उपचार करताना मुलांचे केस गळावेत म्हणून ते पोटात देत, आणि त्यात काही मुलं दगावलीही होती. म्हणजे माहिती होती, फक्त गिऱ्हाइकापर्यंत पोचली नव्हती.

थॅलियम लावल्या जागीच थांबत नाही. ते त्वचेतून शरीरभर जातं आणि मज्जातंतूंवर हल्ला करतं. मलम लावायचं ओठांवर आणि केस गळायचे डोक्याचे! पाय दुखायचे, बधिर व्हायचे. काहींना चालता येईना.

आता साधनांचं बघा. आपण बहुतेक जण जाहिरातींपासून सुरुवात करतो, कारण त्या सहज मिळतात (आणि खरं सांगायचं तर बघायला मजाही येते). पण तेवढ्यावरच थांबलात तर कोरेमलू म्हणजे ‘बदलत्या सौंदर्यकल्पना’ या प्रकरणातला एक परिच्छेद होऊन बसेल. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलचे त्या वर्षांचे अंक उघडा, तिथे विषबाधा झालेल्या बायका भेटतात. मग कायदा वाचा. १९०६ च्या अन्न-औषध कायद्यात सौंदर्यप्रसाधनं नव्हतीच, त्यामुळे सरकारला हे मलम रोखता येईना. नुकसानभरपाईच्या दाव्यांमुळे १९३२ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. प्रसाधनं कायद्याखाली आली ती १९३८ मध्ये.

एक अडचण मात्र राहते. वैद्यकीय नोंदीतली बाई म्हणजे वय, लक्षणं आणि मलम किती दिवस लावलं, एवढंच. तिला केस का नको होते, हे शोधायला पुन्हा त्या जाहिरातींकडेच यावं लागतं.